मातृभाषेचा रकाना

२०२३ सालच्या पावसाळ्यातील एका दुपारी माझी एक जुनी विद्यार्थिनी छत्री मिटत ओट्यावर आली. तिच्या हातात कागदांची जाड फाईल होती. इंग्रजी विषयातील एम.ए., बी.एड., परभाषकांना इंग्रजी शिकवण्याच्या १२० तासांच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला, पदवीपत्रावर परराष्ट्र मंत्रालयाची अपॉस्टिल मोहोर असे सारे जमवून झाले होते. सहा वर्षे ती एका विनाअनुदानित इंग्रजी शाळेत शिकवीत होती. पगाराचा आकडा सांगताना तिने आवाज खाली आणला. वडिलांचे आजारपण, धाकट्या भावाचे शिक्षण आणि वाडीतील केळीवर आता घर चालत नाही, हे तिने न सांगताही मला ठाऊक होते. पूर्व आशियातील एखाद्या देशात इंग्रजी शिकवायला जायचे, असे तिने ठरवले होते.

"सर, एकच कागद राहिलाय," ती म्हणाली. "एजंट म्हणतो, आडनाव आपलं चालून जातं. फोटोचं तो बघून घेईल. फक्त माझी मातृभाषा इंग्रजी आहे असं एका जुन्या शिक्षकाचं पत्र पाहिजे."

तिने अर्ज पुढे केला. त्यावर मातृभाषेचा एक लहानसा रकाना होता आणि तो तिने कोरा ठेवला होता.

ही मुलगी २००१ साली पाचवीत माझ्या वर्गात आली, तेव्हा तिला इंग्रजीचे एकही अक्षर येत नव्हते. आमच्या मराठी शाळांत त्या तुकडीपर्यंत इंग्रजी पाचवीपासूनच सुरू होत असे. तिच्या घरात सामवेदी बोलली जाते. मराठीसुद्धा तिला अर्धी शाळेतच मिळाली. इंग्रजी मुळाक्षरे तिने माझ्या फळ्यावरून उतरवून घेतली. इंग्रजीतील 'टी' आणि 'एच' एकत्र आले की आपली मुले सरळ मराठी 'थ' म्हणतात. त्यावर उपाय म्हणून मी खिशात एक छोटा आरसा ठेवीत असे आणि मुलाच्या तोंडासमोर धरून सांगत असे: दातांच्या मधोमध जिभेचे टोक दिसले पाहिजे, दिसले नाही तर उच्चार चुकला. त्या आरशापुढे ती इतरांपेक्षा अधिक वेळ उभी राहिली होती.

म्हणजे आता मी लिहून द्यायचे होते ते असे, की जी भाषा मी तिला शिकवली ती तिला कोणी शिकवलीच नाही.

मी तिला दोन दिवसांनी यायला सांगितले. ते दोन दिवस या एका रकान्याने मला स्वस्थ बसू दिले नाही. तेव्हा मनात जे उमटले आणि त्यानंतर वाचनाने त्यात जी भर पडली, ते आज वाचकांसमोर ठेवीत आहे.

प्रथम बाजाराविषयी. दक्षिण कोरियात परकीय भाषाशिक्षकाला 'ई-२' नावाचा व्हिसा लागतो, आणि इंग्रजीसाठी तो प्रामुख्याने सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. चीनमधील भरतीतही साधारण हीच यादी वापरली जाते. यातील दक्षिण आफ्रिकेकडे पाहावे. तेथे घरात इंग्रजी बोलणारे लोक दहा टक्क्यांहूनही कमी आहेत. झुलू, खोसा, आफ्रिकान्स या तेथील मोठ्या भाषा आहेत. म्हणजे ज्याच्या आईची भाषा झुलू आहे, पण शिक्षण इंग्रजीतून झाले आहे, असा तरुण त्या देशाच्या पासपोर्टवर कोरियात जाऊ शकतो. आम्ही 'मातृभाषा' म्हणतो, परंतु तपासला जातो तो पासपोर्ट. आईचा येथे काही संबंध नाही.

भारतासाठी एक चिंचोळी वाट आहे. भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातील आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. त्यात शिक्षकाची अर्हता असलेल्या भारतीयांना तेथील शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून जाण्याची तरतूद आहे. तरतूद असणे आणि नेमणूक मिळणे यांत मात्र अंतर असते. शिवाय जुलै २०२१ मध्ये चीनने खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध घातले आणि परदेशात बसून चिनी मुलांना शिकवणाऱ्यांचे काम एका फटक्यात बंद झाले. अमेरिकेत, फिलिपिन्समध्ये, जगभर विखुरलेले असे हजारो शिक्षक मग व्हिएतनाम, थायलंड, जपान, अरब देश यांच्याकडे वळले. गर्दी वाढली की निवडणारा चाळणी बारीक करतो. शंभर अर्जांतून पाच निवडायचे असतील, तर शंभरांचे तास पाहत बसायला वेळ कोणाला? छायाचित्र, पासपोर्ट आणि मातृभाषा एवढे पाहिले की अर्धी फाईल आपोआप बाजूला पडते.

या समजुतीला एक जन्मगावही आहे. १९६१ साली युगांडातील मकेरेरे येथे इंग्रजी अध्यापनाविषयी राष्ट्रकुल देशांची एक परिषद भरली. इंग्रजीचा आदर्श शिक्षक म्हणजे इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे तो, हे सूत्र त्या परिषदेच्या विचारांत पायाभूत होते, असे रॉबर्ट फिलिप्सन या अभ्यासकाने १९९२ साली दाखवून दिले आणि त्याला तर्कदोष ठरवले. पीटर मेजेस या हंगेरियन अध्यापकाने १९९४ मध्ये एक संपूर्ण पुस्तकच परभाषक शिक्षकांवर लिहिले. जो स्वतः ती भाषा शिकून आला आहे, त्याला वाटेतले खड्डे ठाऊक असतात, हा त्याच्या प्रतिपादनाचा गाभा. आपल्या श्रीनगरात जन्मलेल्या ब्रज काचरू यांनी तर जगात एक इंग्रजी नसून अनेक आहेत, हे सांगण्यात आयुष्य घालवले. इंग्रजी शिक्षकांच्या 'टेसॉल' या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही या भेदभावाविरुद्ध २००६ साली भूमिका जाहीर केली. विद्वानांच्या जगात हा वाद बराचसा मिटला आहे. रकाना मात्र आहे तेथेच आहे.

प्रतिपक्षाचेही ऐकले पाहिजे. सोलमधील आई आपल्या कष्टाचे पैसे मोजून मुलाला शिकवणीला पाठवते. त्याने लंडन किंवा शिकागोच्या माणसाकडून शिकावे, असे तिला वाटले तर तिला दोष कसा द्यावा? भाषेतील वाक्प्रचार, लकबी, विनोद त्या घरात वाढलेल्याला सहज येतात, हेही खरे. कोणाला देशात काम द्यावे, हे ठरवण्याचा अधिकार त्या राज्याचा आहे. हे सर्व मी मान्य करतो. तरीही एक गोष्ट मला खटकत राहिली. ही शिकवणी त्या आईला विकते काय? 'तुमच्या मुलाची मातृभाषा इंग्रजी नसली तरी आम्ही त्याला उत्तम इंग्रजी शिकवू,' हे आश्वासन. आणि ते आश्वासन ज्याच्या बाबतीत पूर्ण झालेले आहे, जो परक्या घरात जन्मूनही ती भाषा उत्तम शिकला, तो दारात उभा राहिला की तीच शिकवणी त्याला म्हणते, तुझी इंग्रजी शिकलेली आहे, ती आम्हांला चालणार नाही! शिकून भाषा येत नसेल, तर शिकवणी उघडलीच कशाला?

हीच इंग्रजी दुसरीकडे चालते, हेही विसरू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर सम्राट हेले सेलासी यांच्या इथिओपियात भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने गेले. त्यांत केरळचे पुष्कळ होते आणि त्यांच्यापैकी बरेच ख्रिस्ती होते. भूतानमध्ये १९६० च्या दशकात आधुनिक शाळा उभ्या राहिल्या, तेव्हा तेथेही भारतीय शिक्षक गेले. मालदीवच्या दूरदूरच्या बेटांवर त्यांनी वर्षानुवर्षे शिकवले. त्यांच्या उच्चारांत मल्याळम होती, तमिळ होती. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी पुढे आपापल्या देशांचा कारभार पाहिला. आदिस अबाबात जी इंग्रजी पुरेशी होती ती सोलमध्ये अपुरी का ठरावी? मला वाटते, येथे भाषा विकली जात नसून भाषेची प्रतिष्ठा विकली जात आहे, आणि प्रतिष्ठेला चेहरा लागतो.

२०११ च्या जनगणनेत आपली मातृभाषा इंग्रजी असल्याचे सांगणारे भारतीय सुमारे २ लाख ६० हजार निघाले, आणि दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी सांगणारे जवळजवळ १३ कोटी. त्या तेरा कोटींतच ही मुलगी आहे आणि मीही आहे.

तर मग एखाद्याने प्रश्नच अन्यायाने विचारला असेल, तर त्याला खरे उत्तर देणे बंधनकारक आहे काय?

आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नको असे सांगते. पण ख्रिस्तसभेची धर्मशिकवण हेही सांगते, की ज्याला सत्य जाणून घेण्याचा अधिकार नाही, त्याच्यापुढे ते उघड करण्यास कोणी बांधलेला नाही. पहिल्या दिवशी मी या वाक्याचा आधार घेऊन जवळजवळ लेखणी उचलली होती. त्या कंपनीला या मुलीच्या आईची भाषा विचारण्याचा अधिकार काय? 'इंग्रजी ही तिची भाषा आहे' असे एक वाक्यही मला सुचले. ते खोटे नव्हते. वाचणाऱ्याने काय समजायचे ते समजावे! परंतु मनात एक अर्थ ठेवून ओठांनी दुसरा पोहोचवण्याच्या या चातुर्याला पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ मध्येच निषिद्ध ठरवले, ते उगाच नव्हे. असे वाक्य लिहिताना माणसाला आपण काय करीत आहोत हे नेमके कळत असते. मलाही कळत होते.

संत ऑगस्टीन यांनी इ. स. ३९५ च्या सुमारास असत्यभाषणाविषयी एक प्रबंध लिहिला. त्यात थगास्ते नगरीचे बिशप फर्मस यांची हकीकत आहे. सम्राटाचे शिपाई एका माणसाच्या शोधात आले. त्याला बिशपांनी आश्रय दिला होता. खोटे बोलणार नाही आणि त्या माणसाला दाखवूनही देणार नाही, एवढेच बिशप सांगत राहिले. त्यांचा छळ झाला, तरी ते ढळले नाहीत. ही कथा मी पूर्वी अनेकदा सांगितली होती, आणि सांगताना मला ती नेहमी सोपी वाटत असे. या वेळी तीतला एक भेद पहिल्यांदा टोचला. फर्मस यांनी आपल्या सत्याची किंमत आपल्या देहावर सोसली. माझ्या सत्याची किंमत मात्र ती मुलगी मोजणार होती. मी निवृत्तिवेतनावर बसून सत्यनिष्ठ राहायचे आणि कर्जाचे हप्ते तिने भरायचे! अशा सत्यनिष्ठेचा अभिमान कसा बाळगावा?

याच विचारात असताना पेत्राचे अंगण आठवले. प्रभू येशूला पकडून नेल्यावर प्रमुख याजकाच्या वाड्यात पेत्र ओळखला गेला तो त्याच्या बोलीवरून, असे मत्तय सांगतो. गालीलचा हेल त्याच्या तोंडातून गेला नव्हता. नाकारताना त्याने गुरूला नाकारले, पण ज्या बोलीत तो नाकारीत होता तिनेच त्याला उघडे पाडले. मातृभाषा लपवणे किती अवघड असते! आणि शास्ते या पुस्तकातील यार्देन नदीचा उतार? तेथे गिलादचे लोक पहारा देत. जो येईल त्याला 'शिब्बोलेथ' म्हणायला लावीत. ज्याच्या तोंडून 'सिब्बोलेथ' निघे त्याला तेथेच ठार करीत. बेचाळीस हजार माणसे मारली गेली, असे तेथे लिहिले आहे. एका 'श'साठी.

हे वाचताना मी साहजिकच स्वतःला नदी ओलांडणाऱ्यांच्या बाजूला उभे करीत होतो. मग एक जुनी गोष्ट आठवली; ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. निवृत्तीनंतर एका इंग्रजी शाळेने मला शिक्षक-निवड समितीवर बोलावले होते. इंग्रजीच्या जागेसाठी डोंगरपट्ट्यातील एक वारली तरुणी आली होती. तिचा पाठ उत्तम झाला. व्याकरण चोख, फळ्यावरील अक्षर सुरेख, आणि मुले तिच्याकडे टक लावून पाहत होती. समितीतील एकाने म्हटले, "उच्चार जरा गावठी आहेत, पालक तक्रार करतील." मी मान डोलावली. जागा दुसऱ्या उमेदवाराला गेली. तिचे शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाले होते, आणि तिचा पाठ मला आज आठवतही नाही. सोलमधील त्या आईला मी जे म्हणतो, ते वसईतील पालकांना आणि मला कोणी म्हणायचे? यार्देनच्या उतारावर मीसुद्धा पहारा दिला आहे.

आमच्या आडनावांची गंमत निराळीच. पोर्तुगीजांच्या हाती वसई १५३४ ते १७३९ पर्यंत राहिली. त्या काळात आमच्या पूर्वजांना बाप्तिस्म्याबरोबर ही आडनावे मिळाली, आणि पुढे त्यांपायी आम्हांला 'तुम्ही इथले का?' असे विचारले गेले. आता तेच आडनाव एजंटच्या दृष्टीने भांडवल ठरले! ज्या नावामुळे घरी परके ठरलो, त्याच नावावर परदेशात गोरे म्हणून खपावे.

आणि याच्या नेमके उलट उदाहरण आमच्याच परंपरेत आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये साष्टीतच मरण पावला. त्याचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली प्रसिद्ध झाले. त्याने रचलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, राचोल येथे छापले गेले. मराठीचा गौरव करणाऱ्या त्याच्या ओव्या आमची मुले शाळेत पाठ करतात. त्या शिकवताना मी त्याची मातृभाषा कोणती होती हे सांगत असे, ते कौतुकाने. त्याची मराठी शिकलेली आहे म्हणून ती कमी प्रतीची, असे कोणा मराठी माणसाने म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. तो राज्यकर्त्यांच्या जहाजातून आला होता आणि ही मुलगी हप्ते भरून तिकीट काढणार होती, हा फरक आहेच; पण एखादी भाषा प्रेमाने व कष्टाने आपली करण्याचा हक्क त्याला असेल, तर तो हिलाही आहे.

दुसऱ्या रात्री मी पत्र लिहिले. या उमेदवाराची मातृभाषा सामवेदी ही मराठीची बोली आहे, असे पहिल्याच ओळीत आले. दहाव्या वर्षी तिने इंग्रजीचे पहिले अक्षर गिरवले, ते माझ्यासमोर. त्यानंतर बावीस वर्षांत तिने ती भाषा कशी मिळवली हे मी पाहिले आहे. आपल्या विद्यार्थ्यांना जी वाट चालायची आहे तीच वाट ती पायी चालून आली आहे, म्हणून ती नेमली जावी, अशी माझी शिफारस आहे. पत्र दीड पानांचे झाले. इतके लांबलचक पत्र भरती करणारे वाचतील, असे मला वाटत नव्हते. तरीही मी ते आखडते घेतले नाही.

ती आली. उभ्यानेच तिने ते वाचले, आणि थोडा वेळ काही बोलली नाही.

"सर, पत्र फार चांगलं आहे," ती म्हणाली. "पण हे पाठवून उपयोग नाही, तुम्हांला माहीत आहे."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"मग?"

मला उत्तर देता आले नाही. तिने पत्राची नीट घडी घालून ते फाईलमध्ये अगदी मागे ठेवले. रागावली असे वाटले नाही. जाताना माझ्या पत्नीशी आंब्याच्या लोणच्याविषयी बोलत उभी राहिली, मग पाऊस थांबल्यावर गेली.

पूर्व आशियात ती गेली नाही. त्या कंपनीकडून उत्तरच आले नाही, असे पुढे कानांवर आले. वर्षभराने तिला घरबसल्या संगणकावरून व्हिएतनाममधील मुलांना शिकवण्याचे काम मिळाले. त्यांच्या अर्जात हा रकाना होता की नव्हता, आणि असल्यास तिने त्यात काय लिहिले, हे मी विचारले नाही. न विचारण्यात माझे सौजन्य किती आणि भ्याडपणा किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

गेल्या मे महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो होतो. संध्याकाळचे सात वाजत होते. व्हिएतनाममध्ये त्या वेळी साडेआठ झालेले असतात. बाहेरच्या खोलीत तिची आजी वेदीपुढे रोझरी घेऊन बसली होती. पूर्वी या घरची रोझरी रस्त्यावर ऐकू येई. आता आजीचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मी काही बोलणार तोच तिने तोंडावर बोट ठेवले आणि आतल्या दाराकडे खूण केली. "पोरीचा तास आहे," ती कुजबुजली. "माझा आवाज त्या यंत्रात जातो."

आतून माझ्या विद्यार्थिनीचा स्वर येत होता, स्वच्छ आणि न घाईचा. पलीकडे कुठला तरी लहान मुलगा 'थर्सडे' म्हणण्याचा प्रयत्न करीत होता. व्हिएतनामी लिपीत 'टी' आणि 'एच' ही दोन अक्षरे जोडून आली की ती मुले आपल्या मराठी 'थ'सारखाच उच्चार करतात, हे तिने नंतर चहा घेताना मला सांगितले. पहिल्या आठवड्यातच तिच्या ते लक्षात आले होते. आत ती त्याला इंग्रजीत सांगत होती, घरातला एखादा छोटा आरसा घेऊन ये. मुलगा उठून गेला असावा, कारण थोडा वेळ आत शांतता झाली. तेवढ्यात आजीने आवाज किंचित मोठा करून दोन मणी सरकवून घेतले.